अभिमान अल-ख्वारिझ्मीचा, पण लॉगिन कुणाकडे?

मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला चौक नावाचे गाव आहे. भाईंदर स्टेशनवरून निघालेली बस मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत या बाजूला येते. समोर वसईची खाडी, पलीकडे वसईचा किल्ला. अलीकडच्या टेकाडावर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेसाठी हे ठाणे महत्त्वाचे होते. खाली किनाऱ्यावर मच्छीमारांच्या बोटी लागतात. जवळच उत्तनच्या धावगी डोंगरावर महापालिकेचे डंपिंग आहे. तिथे आग लागली की धूर आसपासच्या गावांत उतरतो, ही या भागाची जुनी तक्रार आहे.

एवढ्याशा गावात किमान चार प्रबंधांचे विषय पडून आहेत. गेल्या तीस वर्षांत किनारा किती आत सरकला? खारफुटी वाढली की घटली? डंपिंगच्या धुराचा लोकांच्या श्वासावर काय परिणाम झाला? वसई मोहिमेच्या मोडी आणि पोर्तुगीज कागदपत्रांत या गावांचे काय चित्र दिसते? हे चारही विषय पूर्वी वही-पेन आणि पायपीट यांवर निभावले असते. आज ते निभावत नाहीत. किनाऱ्यासाठी उपग्रहाची चित्रे लागतात, आरोग्यासाठी आकडेवारी आणि ती तपासणारे सॉफ्टवेअर लागते, मोडीसाठी अक्षरे ओळखणारा संगणक लागतो आणि या सगळ्यांसाठी जगभरातली संशोधनपत्रे वाचायला मिळावी लागतात.

याच महापालिकेच्या हद्दीत मीरा रोडला, नया नगरला आपली हजारो मुले-मुली शिकतात. मराठी बोलतात, लिहितात. त्यांच्यातली एखादी मुलगी चौकच्या किनाऱ्यावर पीएच.डी. करू शकेल का? अक्कल आहे, जिद्द आहे. पण संशोधनाला जी साधने लागतात ती तिच्या हातात आहेत का?

माझे म्हणणे सरळ आहे. संशोधनाची संगणकीय साधने या देशात आहेत, आपल्या महाराष्ट्रात तर भरपूर आहेत, आणि त्यांतली बरीचशी जनतेच्या पैशातून उभी राहिली आहेत. पण त्यांच्या दाराशी जे ओळखपत्र मागितले जाते ते आपल्या बहुतेक मुलांकडे नाही. ते मिळवून देणे, आणि जिथे मिळत नाही तिथे पर्याय उभा करणे, हे आता समाजाच्या कामांच्या यादीत वर आले पाहिजे.

साधने वाटून घेण्याची जुनी रीत

महागडे यंत्र एका ठिकाणी ठेवायचे आणि अनेकांना वापरू द्यायचे, ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा त्या काळातला बलाढ्य संगणक आला. तो त्या एका संस्थेपुरता राहिला नाही. देशभरातल्या विद्यापीठांची आणि संस्थांची गणिते त्यावर सोडवली गेली. संशोधक छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन कुलाब्याला येत.

पुढे पुण्यात १९८८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एक, सी-डॅक स्थापन झाले. अमेरिका आपल्याला हवा तसा महासंगणक द्यायला तयार नव्हती, म्हणून आपणच तो बनवायचा असे ठरले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. दुसरी गोष्ट म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ हे आंतरविद्यापीठ केंद्र सुरू केले. जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक होते.

आयुकाची रचना आपण समजून घ्यावी अशी आहे. लहान गावातल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाकडे ना दुर्बीण, ना मोठा संगणक, ना नियतकालिके. त्याने संशोधन कसे करायचे? त्यासाठी आयुकाने सहयोगी सदस्यांची योजना ठेवली. असा प्राध्यापक वर्षातून काही दिवस पुण्यात येऊन राहतो, तिथले ग्रंथालय आणि संगणक वापरतो, तिथल्या लोकांशी चर्चा करतो आणि परत आपल्या कॉलेजात जाऊन शिकवतो. प्रवास आणि राहण्याचा खर्च केंद्र करते. प्रत्येक कॉलेजात दुर्बीण बसवणे शक्य नव्हते, पण प्रत्येक कॉलेजातल्या माणसाला दुर्बिणीपर्यंत आणणे शक्य होते. यंत्राइतकाच त्याच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता महत्त्वाचा आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आज काय काय आहे

आजची यादी छाती फुगावी अशी आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ मध्ये मंजूर झाले, साडेचार हजार कोटींचे. त्यातून पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ बसला. सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ २०२० च्या नोव्हेंबरात जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ मालिकेतले तीन महासंगणक देशाला अर्पण झाले, त्यांतला एक पुण्याच्या जीएमआरटीसाठी.

मार्च २०२४ मध्ये ‘इंडिया एआय’ अभियान मंजूर झाले, दहा हजार कोटींहून जास्त रकमेचे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारे जीपीयू, म्हणजे एकाच वेळी हजारो आकडेमोडी करणाऱ्या चिपा, त्यातून सवलतीच्या दरात भाड्याने मिळतात. सरकारने सांगितलेला दर तासाला सुमारे ६५ रुपये आहे. या हिशेबाने शंभर तासांचे काम साडेसहा हजारांत होते.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास तेरा हजार नियतकालिके. ज्या एका लेखासाठी पूर्वी तीस-चाळीस डॉलर मागितले जात, तो आता लाखो विद्यार्थ्यांना पैसे न देता वाचता येतो.

याशिवाय कितीतरी गोष्टी पूर्णपणे मोफत आहेत. ‘शोधगंगा’वर देशभरातले प्रबंध आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे कुणालाही उतरवून घेता येतात. जमिनीवरचा दहा मीटरचा तुकडा त्यात ओळखता येतो आणि साधारण पाच दिवसांनी त्याच जागेचे नवे चित्र येते. अमेरिकेचे लँडसॅट त्याहून जुने, त्याची चित्रे २००८ पासून मोफत आहेत. म्हणजे चौकच्या किनाऱ्याचा कित्येक दशकांचा अल्बम कुणीतरी आधीच काढून ठेवला आहे. तो उघडायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर लागते, तेही फुकट. आकडेवारीसाठी आर आणि पायथन फुकट. रोजगार आणि शिक्षणाच्या राष्ट्रीय पाहण्यांची कच्ची आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळते.

मग अडते कुठे?

दाराशी मागितले जाणारे ओळखपत्र

पहिली अडचण संस्थेची. नियतकालिकांची ती मोठी योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या सुमारे ६,३०० संस्थांसाठी आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेज त्या यादीत नाही. आता आपल्या वस्त्यांकडे पाहा. मीरा-भाईंदरमध्ये विद्यापीठ नाही. आपली मुले जवळच्या खासगी कॉलेजात शिकतात किंवा दूरशिक्षणाने पदवी घेतात. एम.ए., एम.एस्सी.चा प्रकल्प करताना ज्या मुलीला एका लेखाची गरज आहे, तिला तो लेख दिसत नाही. तिच्याच वयाच्या, आयआयटीत शिकणाऱ्या मुलीला दिसतो. पैसा दोघींच्या आईबापांच्या करातूनच गेलेला असतो.

महासंगणकाचेही तसेच. त्याच्या वापरासाठी अर्ज साधारणपणे मार्गदर्शक प्राध्यापकाच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेलवरून जातो. मार्गदर्शकाला महासंगणकाची ओळख नसेल, कॉलेजचा स्वतःचा ईमेल नसेल, तर अर्ज लिहिलाच जात नाही. कुणी नकार दिला असे म्हणता येत नाही, कारण कुणी मागितलेच नाही.

दुसरी अडचण पैशाची. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २००९ च्या सुमारास सुरू झाली होती. अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांना तिच्यातून दरमहा रक्कम मिळे. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले की २०२२-२३ पासून ही फेलोशिप बंद. कारण दिले की ती इतर योजनांशी मिळतीजुळती आहे. आधीपासून मिळत होती त्यांची मुदत चालू राहिली, नव्यांसाठी दार बंद झाले. इतर योजनांपैकी नेट-जेआरएफ ही मोठी. २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७ हजार आहे. पण ती मोजक्यांनाच मिळते. आणि जेआरएफवाल्यालाही संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठी विज्ञान शाखेत पहिली दोन वर्षे वर्षाला १२ हजार आणि मानव्यविद्येत १० हजार मिळतात. एवढ्यात एक बरा लॅपटॉपही येत नाही. ज्याला कुठलीच फेलोशिप नाही, त्याचा प्रश्नच वेगळा. तो दिवसा शिकवण्या घेतो आणि रात्री मोबाइलवर पीडीएफ वाचतो.

तिसरी अडचण बोलली जात नाही, पण सर्वांत जड आहे. कुणाला विचारायचे? प्राध्यापकाच्या घरातल्या मुलाला जेवताना कळते की अमुक योजना आली आहे, तमुक सॉफ्टवेअर शिकून घे. आपल्या घरांत बहुतेक वेळा पीएच.डी. करणारा पहिलाच असतो. लॉगिन मागायचे असते, ग्रंथपालाला ईमेल करायचा असतो, शिबिराची तारीख निघून जाण्याआधी अर्ज भरायचा असतो, हे सांगणारे घरात कुणी नसते.

या तिन्ही अडचणींचा परिणाम आकड्यांत दिसतो. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. पुढच्या वर्षी ते १९ लाखांच्या थोडे वर राहिले. २०२१-२२ मध्ये संख्या पुन्हा २१ लाखांवर आली, पण एकूण विद्यार्थ्यांत आपला वाटा पाच टक्क्यांच्याही आत राहिला. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत आपण १४.२ टक्के होतो. पदवीलाच ही गत आहे, मग संशोधनापर्यंत किती जण पोचत असतील याचा अंदाज करा.

आपल्याविषयी कोण लिहिणार?

इथे कुणी म्हणेल, पोटापाण्याचे आधी बघा, संशोधन ही चैन आहे. मला ते पटत नाही, आणि याला कारण आपलाच अनुभव आहे.

महाराष्ट्रातल्या मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. महमूदुर रहमान समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यातल्या आकड्यांचा आधार होता म्हणून २०१४ मध्ये राज्य सरकारने पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने नोकरीतले आरक्षण रोखले, पण शिक्षणातले तात्पुरते चालू ठेवायला मुभा दिली. पुढे अध्यादेशाची मुदत संपली आणि तो विषय राजकारणात अडकला. पण एक गोष्ट सिद्ध झाली. मोर्चाने जे मिळत नव्हते ते नीट मांडलेल्या आकड्यांनी न्यायालयात टिकवून दाखवले. आज बारा-तेरा वर्षांनंतरही आपण भाषणांत त्याच अहवालातले आकडे सांगतो. नवे कुणी काढले का? पाहण्यांची आकडेवारी मोफत पडून आहे. ती तपासायला साधा लॅपटॉप पुरतो. तपासणारी माणसे हवीत.

दुसरे उदाहरण भाषेचे. समाजमाध्यमांवरचा मराठी द्वेष यंत्राने ओळखावा यासाठी यंत्राला आधी हजारो उदाहरणे दाखवावी लागतात: हे वाक्य द्वेषाचे, हे नुसत्या रागाचे, हे साधे. पुण्यात ‘एलथ्रीक्यूब’ या गटातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये पंचवीस हजारांहून जास्त मराठी ट्वीटचा असा संच तयार केला आणि सर्वांसाठी खुला केला. त्यांनी मराठीसाठी भाषेची प्रारूपेही बनवली. ही पदवीला शिकणारी मुले होती. त्यांच्याकडे एक जाणकार मार्गदर्शक होता, संगणक होता आणि एकमेकांची सोबत होती. एवढ्यावर त्यांनी मराठीला जे दिले ते मोठ्या संस्थांनाही सहज जमले नसते.

आता विचार करा. कुठले वाक्य जखम करते हे ठरवणाऱ्यांत ज्यांना ती जखम होते त्यांच्यातले कुणी असायला नको का? जानेवारी २०२४ मध्ये मीरा रोडला तणाव झाला, तेव्हा मोबाइलवर काय काय फिरत होते ते इथल्या प्रत्येकाला आठवते. त्याचा शांत डोक्याने, पुराव्यानिशी अभ्यास इथल्याच मराठी बोलणाऱ्या मुलांनी केला तर त्याचे वजन वेगळे असेल. कोकणी मुसलमानांची बोली, सोलापूर-मराठवाड्यातली दखनी वळणाची मराठी, आपल्या घरांतले शब्द हे उद्याच्या यंत्रांना कळावेत असे वाटत असेल तर ते कुणीतरी गोळा करून द्यावे लागतील. ते आपल्याशिवाय कोण करणार?

आणि संशोधन फक्त आपल्याविषयीच असावे असेही नाही. चौक, उत्तन, डोंगरी या गावांत कोळी, ख्रिस्ती, आगरी माणसे राहतात. धावगीच्या धुराचा अभ्यास नया नगरच्या एखाद्या मुलीने केला आणि तो महापालिकेपुढे ठेवला, तर शेजारधर्म याहून चांगला कसा पाळता येईल?

वक्फ कशासाठी असतो?

आपल्या जलशांमध्ये एक वाक्य हमखास येते: अल्गोरिदम हा शब्द अल-ख्वारिझ्मीच्या नावावरून आला. खरेच आहे ते. नवव्या शतकात बगदादमध्ये त्याने लिहिलेल्या ग्रंथांवरून बीजगणिताला ‘अल्जिब्रा’ हे नावही मिळाले. टाळ्या पडतात, आपण घरी जातो. सभागृहात बसलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या लॉगिनची गरज असते ते त्या टाळ्यांतून मिळत नाही.

इतिहासातून घ्यायचेच असेल तर मला दुसरी गोष्ट घ्यावीशी वाटते. १२५९ मध्ये इराणमधल्या मराग्यात नसीरुद्दीन तुसीच्या देखरेखीखाली मोठी वेधशाळा उभी राहू लागली. तिथे मोठे ग्रंथालय होते, महागडी उपकरणे होती, दूरदूरचे विद्वान येऊन राहत. हे चालवायला पैसा कुठून आला? वक्फच्या उत्पन्नातून. म्हणजे वक्फचा पैसा मशीद आणि कब्रस्तानापुरता नव्हता. सर्वांनी मिळून वापरायच्या संशोधनाच्या साधनांवरही तो खर्च झाला होता.

आपण आज काय करतो? रमजानमध्ये शैक्षणिक मदतीचे फॉर्म वाटतो आणि फीचे चेक देतो. ते चालूच राहिले पाहिजे, त्या चेकने कितीतरी घरे सावरली आहेत. पण फीचा चेक एका मुलाच्या एका वर्षाला पुरतो. संगणकाची एक खोली वर्षानुवर्षे शंभर मुलांना पुरते. सदका-ए-जारिया म्हणजे चालू राहणारे दान. विहीर खोदणे हे त्याचे जुने उदाहरण आपण लहानपणापासून ऐकतो. आजच्या मुलाची विहीर कोणती, हे आपल्याला ओळखता आले पाहिजे. जकातीचा पैसा अशा सामायिक कामाला वापरता येतो का यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. म्हणून त्या वादात न शिरता हे काम सदका, देणगी आणि वक्फ यांतूनच उभे करावे.

एक खोली, आठ संगणक, एक माणूस

म्हणून मीरा-भाईंदरसाठी आणि त्यासारख्या प्रत्येक शहरासाठी माझा प्रस्ताव छोटा आहे. समाजाच्या एखाद्या शाळेत, अंजुमनच्या इमारतीत किंवा संस्थेच्या कार्यालयात एक खोली संशोधनासाठी ठेवावी. सात साधे संगणक, एक चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक, भरवशाचे इंटरनेट, वीज गेली तर चालणारे इन्व्हर्टर. सुरुवातीचा खर्च एखाद्या मोठ्या लग्नाच्या जेवणावळीहून जास्त होणार नाही. मुलींसाठी ती संध्याकाळीही सुरक्षित असावी, तिचे दार कुठल्याही धर्माच्या विद्यार्थ्याला उघडे असावे.

पण यंत्रांपेक्षा महत्त्वाचा आहे तो माणूस. आठवड्यातून दोन संध्याकाळ तिथे बसणारा, पगार किंवा मानधन घेणारा, स्वतः संशोधन केलेला. त्याचे काम शिकवण्याचे कमी आणि रस्ता दाखवण्याचे जास्त. कुणाला शोधगंगा कशी चाळायची ते सांगेल, कुणाचा ‘इंडिया एआय’चा अर्ज भरून घेईल, कुणाला विद्यापीठाच्या ग्रंथपालाला काय लिहायचे ते सुचवेल. आयुकाने कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी जे केले तेच इथे गल्लीच्या पातळीवर करायचे आहे.

खोली उभी राहीपर्यंत तुम्ही स्वतः काय करू शकता तेही सांगतो.

पहिले, तुमची नोंदणी सरकारी विद्यापीठात असेल तर तिथल्या ग्रंथालयातून लॉगिन मागा. मुंबई विद्यापीठात पीएच.डी.ला असाल तर सांताक्रूझला उतरून कलिनाला एक चक्कर मारा. मिळत असलेल्या सोयी न मागितल्याने वाया जातात.

दुसरे, जीपीयू लागत असेल तर आधी गूगल कोलॅब आणि कॅगल वापरून पाहा. कॅगलवर आठवड्याला साधारण तीस तास जीपीयू मोफत मिळतो. पदव्युत्तर प्रकल्पाला तो बहुधा पुरतो. खरेच कमी पडला तर भाड्याचा विचार करा.

तिसरे, एखादा लेख वाचायला मिळत नसेल तर लेखकालाच दोन ओळींचा नम्र ईमेल लिहा. बहुतेक लेखक आनंदाने प्रत पाठवतात.

चौथे, तुमची जात किंवा बिरादरी राज्याच्या ओबीसी यादीत आहे का ते तपासा. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या त्यात आहेत. प्रमाणपत्र असेल तर महाज्योतीच्या संशोधन फेलोशिपची जाहिरात तुमच्यासाठीही असते. आपल्यातले किती जण ती वाचतात?

पाचवे, चार जण मिळून काम करा. एकाला आकडेवारी येते, एकाला उर्दू-फारसी वाचता येते, एकीला नकाशे जमतात, एकाला मराठी लिहिता येते. एलथ्रीक्यूबच्या मुलांची खरी ताकद गटात होती.

सरकारला काय सांगायचे

समाजाने खोली काढली म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दोन्ही गोष्टी एकदम करणे हेच आहे.

मागण्या नेमक्या असू द्या. नियतकालिकांची राष्ट्रीय योजना खासगी कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनाही मिळावी. ते लगेच जमत नसेल तर निदान सार्वजनिक ग्रंथालयांत बसून वाचण्याची सोय द्यावी. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी ग्रंथालये आहेत. त्यातल्या एका टेबलावर ही सोय ठेवायला नवी इमारत लागत नाही. स्पर्धा परीक्षांसाठीच्या अभ्यासिकांत संगणकाचे कोपरे हवेत, ही मागणी आपल्या नगरसेवकाकडे करता येते.

राज्य सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवरची ही संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे. तिच्याकडून फक्त स्पर्धा परीक्षांचे वर्ग मागू नका. संशोधन फेलोशिप मागा, फेलोशिपमध्ये संगणन खर्चाचे वेगळे कलम मागा, आणि मार्गदर्शक नसलेल्या विद्यार्थ्यांचे महासंगणकासाठीचे अर्ज संस्थेने आपल्या नावाने पुढे पाठवावेत अशी मागणी करा. आज ज्या ओळखपत्राअभावी आपली मुले दाराबाहेर उभी आहेत, ते मार्टी देऊ शकते. मौलाना आझाद फेलोशिप पुन्हा सुरू करा ही मागणीही सोडायची नाही. योजना मिळतीजुळती असेल तर ती नीट करा, पण ज्यांना दुसरी कुठलीच मिळत नाही त्यांचे काय, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे.

हे सगळे एका वर्षात होणार नाही. पण येत्या रमजानपर्यंत एका शहरात एक खोली नक्की होऊ शकते. तुमच्या मोहल्ल्यातल्या ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. सोबत खर्चाचा एक कागद न्या आणि तुमच्या ओळखीतल्या पाच संशोधक मुला-मुलींच्या गरजा लिहून न्या. ट्रस्टी म्हणतील, फीचेच पैसे पुरत नाहीत. त्यांना सांगा की या पाच जणांतली एक जण चौकच्या किनाऱ्यावर प्रबंध लिहायला तयार आहे, उपग्रहाची चित्रे फुकट आहेत, आणि तिला बसायला एक खुर्ची आणि एक संगणक हवा आहे.